तो आठवडा मुळात उजळणीसाठी होता

अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळतात. शाळेत भिंतीवर मार्टिन ल्यूथर किंग यांचं चित्र लावलं की तो इतिहास उरकला, ही तक्रार अगदी रास्त आहे. पण १९२६ मध्ये कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांनी ही प्रथा आठवडाभराची म्हणून सुरू केली, तेव्हा कल्पना वेगळी होती. आईवडील गुलामीत जन्मलेले, स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेले, पुढे हार्वर्डचे डॉक्टरेट झालेले हे गृहस्थ. मुलांनी वर्षभर शिकावं आणि त्या आठवड्यात ते मांडावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आमची लेक इथे अमेरिकेत तिसरीत आहे. सनावळ्या तिच्या लक्षात राहत नाहीत, रूबी ब्रिजेस राहिली. १९६० साली न्यू ऑर्लिन्समध्ये सहा वर्षांची कृष्णवर्णीय रूबी मार्शलांच्या (केंद्र सरकारच्या पोलीस अधिकाऱ्यांच्या) पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली. गोऱ्या पालकांनी आपापली मुलं काढून नेली. बार्बरा हेन्री या बाईंनी तिला वर्षभर रिकाम्या वर्गात एकटीला शिकवलं. लेकीने विचारलं, "मग ती डबा कोणाबरोबर खायची?"

त्या रात्री मी तिला जोतीरावांच्या 'गुलामगिरी'ची (१८७३) अर्पणपत्रिका वाचून दाखवली. ती अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्यांनाच आहे.