'हार्ट फेल' आणि 'मायक्रोव्हॅस्क्युलर': मराठीत नेमकं काय म्हणायचं?

काकांना बरीच वर्षं शुगर आहे, आता रिपोर्टवर हार्ट फेल्युअर आणि मायक्रोव्हॅस्क्युलर डिसीज असं लिहिलंय. काकू पार घाबरल्यात, आमच्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला असाच अर्थ घेतात. त्यात अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाहीये म्हणे. मग फेल्युअर कसलं?

—

आधी काकूंना धीर द्या. यात हृदय चालूच असतं, पण शरीराला हवं तेवढं रक्त पुरवायला कमी पडतं, किंवा ताठर झाल्याने नीट भरतच नाही, म्हणून मग दम लागतो, पायावर सूज येते, आडवं झालं की धाप लागते. पेपरात 'हृदय निकामी होणे' छापतात ते मला अजिबात पटत नाही, निकामी म्हटलं की सगळं संपलं असंच वाटतं. मी घरी सरळ 'हृदय कमी पडतंय' म्हणते.

—

मायक्रोव्हॅस्क्युलरला 'सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजार' ठीक आहे. नुसतं केशवाहिन्या म्हणू नका, कारण केशवाहिनी म्हणजे सगळ्यात बारीक, 5 ते 10 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तिच्यातून तांबड्या पेशी एकामागोमाग एक अंग चोरून जातात, पण या आजारात तिच्या आधीच्या बारीक धमन्याही येतात. अँजिओग्राफीत मोठ्या करोनरी धमन्या, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या, दिसतात, या एवढ्या बारीक वाहिन्या दिसतच नाहीत, त्यामुळे 'ब्लॉकेज नाही' हे खरं असूनही हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडू शकतं. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की वाहिनीच्या आतल्या अस्तरात वाहिनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, वाहिनी गरजेला रुंदावत नाही, भिंत जाड होते, स्नायूही ताठर होत जातो. डोळ्याच्या पडद्यात आणि किडनीतही असंच नुकसान होतं, म्हणून पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासलंय का ते नक्की विचारा.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात (एका गावातल्या लोकांच्या हृदयावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणारा अभ्यास) 1974 सालीच दिसलं होतं की मधुमेही पुरुषांत हार्ट फेल्युअर दुपटीहून जास्त, बायकांत तर पाचपट. म्हणजे काकूंनाही शुगर असेल तर त्यांचा दम 'वयाचा' म्हणून सोडू नका प्लीज.

—

अजून एक, 'नसा खराब झाल्या' हे शब्द डॉक्टरांपुढे वापरताना जपून. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही, आणि मधुमेहात दोन्ही बिघडतात. पायाला मुंग्या येतात, आग होते की चढताना छातीत दाटतं, तेच सांगावं.