मदत हवी आहे: एसी लावला की पंखा फिरतो, गाडी तापली की फिरत नाही (एमएक्स-५, १९९१)

नमस्कार मंडळी,

गाडी माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १.६ लिटरचं इंजिन. वर-खाली होणाऱ्या हेडलाइटवाली. रेडिएटरच्या पंख्याने गेले तीन आठवडे छळलंय. आतापर्यंत काय काय करून झालं ते सगळं सांगतो, म्हणजे तुमचा वेळ त्याच त्याच गोष्टी विचारण्यात जायला नको.

मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मधोमध असतो, जागचा हलत नाही. सिग्नलला किंवा रांगेत पाच-सात मिनिटं उभं राहिलं की तो वर सरकायला लागतो. पंखा काही सुरू होत नाही. त्या क्षणी एसी लावला तर दोन्ही पंखे एकदम सुरू होतात आणि दोन-तीन मिनिटांत काटा परत जागेवर. सध्या असंच निभावतोय, पण या भरवशावर गाडी बाहेर काढायला मन धजत नाही. इंजिनचं हेड (वरचा भाग) अॅल्युमिनियमचं आहे. एकदा नको तेवढं तापलं की ते वाकणार आणि हेड गॅस्केट जाणार, हे नक्की.

या गाडीत एसी लावला की मुख्य पंखा आणि एसीचा पंखा दोन्ही फिरतात. म्हणजे मुख्य पंख्याची मोटर, त्याचा फ्यूज, रिलेचे (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर पंख्याचा मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट हे सगळं ठीक आहे, असं मी धरून चाललोय. उरतो तो रिलेला ‘आता चालू हो’ असं सांगणारा भाग. नंतरच्या १.८ मध्ये ते काम ईसीयू (इंजिनचा संगणक) करतो. माझ्या १.६ मध्ये थर्मोस्टॅट हाउसिंगवर (पाण्याची वाट उघडणारी झडप ज्यात बसते त्या धातूच्या कव्हरवर) बसवलेला थर्मोस्विच, म्हणजे तापमानावर चालणारा स्विच, करतो. त्याला एकच वायर असते. पाणी साधारण ९७ अंशांना पोचलं की आतला संपर्क जुळतो आणि रिलेच्या कॉइलला (रिले ओढणाऱ्या गुंडाळीला) अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडची वाट, मिळते.

बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक डबीत टीएफए (पंख्याच्या चाचणीचा) आणि जीएनडी (अर्थचा) हे दोन पॉइंट तारेने जोडून इग्निशन ऑन केलं. पंखा फिरला. मग थर्मोस्विचचा कनेक्टर काढून ती वायर फेंडरजवळच्या अर्थ बोल्टला टेकवली (बॅटरी डिकीत आहे, तिथपर्यंत वायर कोण नेणार). तरीही फिरला. म्हणजे स्विचपर्यंतची वायर धडधाकट.

मग स्विच काढून पातेल्यात उकळला. तळाला टेकला तर आकडा चुकतो म्हणून तारेने अधांतरी लटकवला, शेजारी थर्मामीटर सोडला, मल्टीमीटरचं एक टोक पिनेला, दुसरं स्विचच्या षटकोनी बॉडीला. ९६-९७ ला मीटर वाजला, पाणी निवत ९० च्या आसपास आलं तेव्हा थांबला. त्याआधी मी नवीन स्विच आणून बसवला होता, त्याने काही फरक पडला नव्हता. जुनाही तसाच उकळून पाहिला. तोही चोख निघाला.

थर्मोस्टॅट ८८ ला उघडतोय, तोही पातेल्यात पाहिलाय. गाडीचं नाक वर उचलून, हीटर पूर्ण गरम ठेवून हवा काढली आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर फसवतो म्हणून हाउसिंगवर काळी चिकटपट्टी लावून मोजलं, तर १०३ अंश. म्हणजे उष्णता तिथे पोचतेय.

चार महिन्यांपूर्वी टायमिंग बेल्ट बदलताना थर्मोस्टॅट हाउसिंगही काढलं होतं. गंजाचे डाग पडले होते, ते घासून उष्णता सोसणारा रंग दिला आणि बसवलं. स्विचच्या आट्यांतून थेंब थेंब गळत होतं म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळली. हे सगळं मी घरीच केलं.

आता स्विच चांगला, वायर चांगली, पाणी गरम, तरी पंखा गप्प! दोन ओळखीच्यांनी सुचवलं की डॅशबोर्डवर हाताने दाबायचा स्विच बसव, नाहीतर बाजारातला कंट्रोलर लाव. मला ते नकोय. तीस वर्षांहून जुनी गाडी आहे आणि तिच्या हार्नेसला (मूळ वायरिंगच्या जुडग्याला) आजवर कोणी कात्री लावलेली नाही. ती पहिली मी लावावी असं वाटत नाही. नेमकं काय तपासायचं राहिलंय?

प्रतिसाद

तपासणी मनापासून केलीत, म्हणूनच चूक कुठे लपली आहे ते दिसतंय.

पातेल्यात मीटरचं दुसरं टोक तुम्ही स्विचच्या बॉडीला लावलंत. गाडीत वायर टेकवलीत ती फेंडरच्या बोल्टला. एकवायरी स्विचला अर्थ मिळते ती त्याच्या बॉडीतून: आटे, हाउसिंग, इंजिन, मग इंजिन ते बॉडी अर्थपट्टी. हा तुकडा दोन्ही वेळा तपासणीतून वगळला गेला. एसीचा हुकूम रिलेला दुसऱ्या वाटेने येतो, त्यामुळे तिथे हा दोष दिसत नाही.

ओहम मोजत बसू नका. अशा जोडाचा ओहमचा आकडा मीटरची टोकं जरा हलली तरी बदलतो. बारा व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल ७० ते १०० ओहमची असते. जोडात तेवढाच अडथळा आला तर कॉइलच्या वाट्याला निम्मे व्होल्ट येतात आणि रिले ओढत नाही. म्हणून सर्किट जोडलेलं असतानाच व्होल्ट मोजा.

इंजिन तापवा, काटा वर जायला लागला की बंद करा आणि लगेच इग्निशन ऑन करा. कनेक्टर जागेवरच असू दे. मीटरची काळी वायर फेंडरच्या त्याच अर्थ बोल्टला. लाल टोक आधी कनेक्टरच्या मागून पिनेला टेकवा. तिथे बारा व्होल्ट दिसले तर कॉइलला अर्थ मिळत नाहीये. मग लाल टोक स्विचच्या षटकोनावर न्या. तिथे शून्य आलं तर आतला संपर्क जुळलेलाच नाही, म्हणजे टोकाशी पाण्याऐवजी हवेचा बुडबुडा असणार. तिथेही बारा आले तर स्विचने आपलं काम केलंय, दोष त्याच्या पुढे आहे. पुढे हाउसिंगचा उघडा धातू, मग इंजिनचा ब्लॉक. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये व्होल्ट नाहीसे होतात, तिथेच दोष.

इंजिन-बॉडी पट्टीवर मला संशय नाही. ती गेली असती तर स्टार्टर मरगळला असता. माझा संशय टेफ्लॉन टेपवर.

पंखा कुठल्याही क्षणी सुरू होऊ शकतो, बोटं आणि मीटरच्या वायरी लांब ठेवा. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. कंट्रोलर आणू नका, गरज पडणार नाही.

धागाकर्ता

काल संध्याकाळी मोजलं. पिनेवर १२.१. षटकोनावर १२.१. हाउसिंगवर टोक टेकवायला रंग खरवडावा लागला, तिथेही १२.०. ब्लॉकवर ०.०२.

म्हणजे टेप निर्दोष. आट्यांनी ती कापून धातूला धातू लावलेला होता. अडलं होतं हाउसिंग आणि इंजिनच्या मध्ये. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, कूलंट काढलं आणि हाउसिंग सोडवलं. बसायच्या पृष्ठभागावर माझा रंग, त्यावर गॅस्केट, आणि बोल्टची डोकी जिथे टेकतात त्या गोल जागांवरही रंगाचा जाड, काचेसारखा थर. बोल्ट इंजिनात घट्ट बसलेले, पण हाउसिंगला त्यांचा धातू कुठेच शिवत नव्हता.

बोल्टच्या डोक्यांखालच्या जागा पॉलिश पेपरने लखलखीत केल्या, नवीन गॅस्केट घातलं, टेप काढून स्विचला नवीन वॉशर दिला. गळत नाही.

हवा काढून इंजिन सुरू केलं, एसी बंद, जागेवर उभी. पंखा सुरू झाला तेव्हा काळ्या पट्टीवर ९८ अंश होते. जरा वेळ फिरून आपोआप थांबला. तीनदा हेच झालं आणि तिन्ही वेळा काटा मधल्या रेषेवरून हलला नाही. दुसऱ्या खेपेला पंखा फिरत असताना षटकोनावर ०.०३ व्होल्ट होते.

फक्त एक विचारायचं राहिलं. हाउसिंगच्या बोल्टपासून ब्लॉकपर्यंत एक जादा अर्थ वायर टाकून ठेवली तर काही तोटा आहे का? हार्नेसला हात न लावता होईल, म्हणून विचारतोय.

प्रतिसाद

काहीच तोटा नाही. रिंग टर्मिनल नीट दाबून बसवा आणि ते टेकेल तिथला रंग आधी काढा.