बॅनिश्ड मुलांबरोबर खेळायला कसा आहे? लॅपटॉप जुना, करंटचा भरवसा नाही

टिळकवाडी_पालक:
मुलं ९ आणि १३ वर्षांची आहेत. सुट्टीत मारामारीच्या मोबाईल गेमऐवजी घरात एकत्र बसून खेळायला काहीतरी बघालोय. मध्ययुगातलं गाव वसवायचं, धान्य-जळण साठवून हिवाळा काढायचा, अशा प्रकारचं. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. नेट कायम चालू ठेवायचं नाही. रक्तपात नको, आणि मध्येच पैसे मागणारा गेम तर नकोच. बॅनिश्डचं नाव ऐकलंय. मुलांना झेपेल का? सुरुवात कशी करायची?

रानवाटा_खानापूर:
झेपेल की. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या अटींत बसतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेला, एकट्या माणसाने बनवलेला गेम आहे. लढाई नाही, शत्रू नाही, गेमच्या आत विकत घ्यायचंही काही नाही. वैरी एकच, हिवाळा. आपल्याकडे मिरगाच्या आधी जळण आडोशाला रचून ठेवतात ना, तीच बेगमी इथे बर्फासाठी करायची.

नवीन खेळ सुरू करताना अवघडपणा सोपा, हवामान सौम्य, जमीन दऱ्यांची आणि आपत्ती बंद ठेवा. सोप्यात सहा कुटुंबं, घरं, कोठार आणि बियाणं तयार मिळतं. अवघडमध्ये चार कुटुंबं आणि एक सामानाची गाडी, बस्स. त्या वाटेला आत्ता जाऊ नका.

पहिल्यांदा खेळ थांबवा आणि नकाशा नीट बघून घ्या. थांबवलेला असतानाही बांधकामाची आखणी करता येते. लाकूड, दगड, लोखंड गोळा करायला खूण करताना दाट जंगलाचा एक गोल तुकडा सोडून द्या. त्या तुकड्यात रानमेवा गोळा करणाऱ्यांची झोपडी आणि वनरक्षकाचं ठाणं जवळजवळ बांधा. कंदमुळं, बोरं, अळंबी जुन्या झाडांखाली मिळतात. तेच जंगल तोडून ओंडके काढले तर झोपडीत चार माणसं लावूनही टोपली रिकामीच. पहिल्या वर्षी बहुतेकांचं इथेच चुकतं.

त्यानंतर लाकूडतोड्या. ओंडके म्हणजे जळण नव्हे, हे धाकट्याला आधीच सांगून ठेवा. ओंडके फोडायला लाकूडतोड्याच लागतो, तो नसला तर ओंडक्यांच्या ढिगाशेजारी माणसं गारठून मरतात. दुसऱ्या वर्षाच्या आत लोहारही पाहिजे. एक लोखंड आणि एक ओंडका लावला की एक अवजार होतं. अवजारं संपली की सगळ्यांचं काम मंदावतं, आणि तुम्ही मात्र शेतात काय बिघडलं ते शोधत बसता.

शेत जास्तीत जास्त १५ बाय १५ चं होतं. सुरुवातीला ८ बाय ८ पुरे, एक-दोन माणसांत सुगी आटोपते. मोठं शेत आणि माणसं कमी असं झालं तर शरद संपेपर्यंत निम्मं पीक उभंच राहतं आणि थंडीत करपतं. उशीर होतोय असं दिसलं तर शेतावर क्लिक करून कापणीचा हुकूम द्या. थोडं कच्चं निघेल, पण घरात तरी येईल.

हिशेब मोठ्या मुलाकडे द्या. एक माणूस वर्षाला साधारण १०० नग अन्न खातो. २५ माणसं म्हणजे २५००. वर्षाअखेर कोठारात त्याच्या दीडपट नसेल तर नवीन घर बांधायचं नाही.

निपाणी_सात:
मशीनची काळजी नको. कंपनीने किमान ५१२ एमबी रॅम सांगितली आहे आणि डिस्कवर २५० एमबीच्या आसपास जागा लागते. मात्र फक्त विंडोजवर चालतो, मोबाईलवर नाही. गॉग या गेम विकणाऱ्या साइटवरून घेतला तर एकदा उतरवून घेतल्यावर नेट लागतच नाही. करंटसाठी एकच उपाय: लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल तर प्रत्येक शरदाच्या शेवटी हाताने सेव्ह करा, दर वेळी वेगळ्या नावाने. एकाच फाईलवर सेव्ह करत राहिलात तर चूक दोन वर्षांपूर्वीची आहे हे कळूनही मागे जाता येत नाही.

मॅनर लॉर्ड्स (एप्रिल २०२४) हा असाच दुसरा गेम सुंदर आहे, त्यात शांततेचा प्रकारही आहे, पण या लॅपटॉपला तो झेपणार नाही. मिडीव्हल डायनॅस्टीमध्ये डिसेंबर २०२३ पासून चौघांना एकत्र खेळता येतं. पण तिथे शिकार करून कातडी सोलायची असते, आणि प्रत्येकाला स्वतंत्र मशीन लागतं.

टिळकवाडी_पालक:
घेतला. पहिले तीन हिवाळे छान निघाले. मग अन्न-जळण भरपूर असताना माणसं ३८ वरून १९ वर आली. एकामागून एक म्हातारी होऊन गेली. काय चुकलं?

चिकोडी_अण्णा:
घरं बांधायची थांबवलीत. या खेळात कॅलेंडरचं एक वर्ष गेलं की माणूस साधारण पाच वर्षांनी मोठा होतो. रिकामं घर मिळाल्याशिवाय तरुण जोडपं वेगळं होत नाही आणि वेगळं झाल्याशिवाय त्यांना पोर होत नाही. सुरुवातीची सगळी कुटुंबं जवळपास एकाच वयाची, म्हणून जातातही एकदमच. इथे वाटण्या वेळेवर झालेल्या बऱ्या.

उलट टोकालाही जाऊ नका. एका दमात दहा घरं बांधली तर एकदम पोरं होतात, खाणारी तोंडं वाढतात आणि कामाचे हात तेवढेच राहतात. वर्षाला एक-दोन घरं, ती पण कोठारातला आकडा बघून. लाकडी घराला १६ ओंडके आणि ८ दगड लागतात. दगडी घराला २४ ओंडके, ४० दगड, १० लोखंड, पण त्यात जळण बरंच कमी जातं. लोखंड साठलं की दगडीच बांधा.

शाळेचंही असंच. शाळा नसेल तर मूल दहाव्या वर्षी कामाला लागतं, शाळा असेल तर सोळाच्या आसपास. शिकलेली माणसं जास्त उत्पादन काढतात, म्हणून शाळा हवीच. पण ती उघडल्यावर एक-दीड वर्ष नवे हात मिळत नाहीत. आधी साठा करून मगच उघडा.

आणि एक. दगडाची खाण आणि लोखंडाची खाण एकदा केली की पाडता येत नाही, खड्डा कायमचा. गावाच्या मधोमध करू नका.

सदाशिवनगर_अक्का:
९ वर्षांच्याला एकट्याला देऊ नका. रक्त दिसत नाही, पण अमुक उपासमारीने गेला, तमुक बाळंतपणात गेली असे संदेश नावासकट येतात. पुढे दारूचा गुत्ताही बांधता येतो. पडद्यावरची भाषा इंग्रजी. कोठार, जळण, अवजार, कपडे असे वीसेक शब्द मराठीत लिहून लॅपटॉपच्या कडेला चिकटवा. धाकट्याने आकडे वाचायचे, थोरल्याने माउस धरायचा.

रानवाटा_खानापूर:
अक्कांचं बरोबर आहे. एक राहिलं. कामं आपोआप थांबलीत असं वाटलं तर मर्यादेचा तक्ता बघा. जळणाची मर्यादा गाठली की लाकूडतोड्या हात बांधून बसतो. गाव वाढलं की ती तुम्हीच वाढवायची. जास्तीचं जळण नदीवरच्या व्यापारी धक्क्यावर द्या. तिथे ओंडक्याचं मोल २ धरतात, जळणाच्या नगाचं ४, आणि एका ओंडक्यातून किमान तीन नग निघतात. बियाणं आणि मेंढ्या त्यातूनच येतात.

टिळकवाडी_पालक:
मर्यादा १०० वरच होती. वाढवली. आता जुन्या सेव्हवर जाऊन दोन घरं बांधून बघतो.