उन्हाळ्यात ऑफिस साडेसातला सुरू करावं का?

रामदासपेठ_करसल्लागार
आमचं छोटं ऑफिस आहे, जीएसटी आणि ऑडिटचं. एप्रिल ते जून वेळ साडेसात ते दीड ठेवावी आणि पहिला तास फोन, व्हॉट्सअ‍ॅप, गप्पा सगळं बंद, असं माझं ठाम मत आहे. मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी कूलर कितीही जोरात लावा, माणूस आकड्यांकडे नुसता बघत बसतो. बँकेचं स्टेटमेंट खात्याशी जुळवायचं काम सकाळी झटक्यात होतं, तेच दुपारी तीनला घेतलं की एकच नोंद तीनदा तपासावी लागते. आणि घड्याळ देशभर एक असलं तरी ऊन एक नाही. मुंबईपेक्षा आपल्याकडे सूर्य जवळजवळ २५ मिनिटं आधी उगवतो. मग मुंबईची दहा ते सहा आपण का पाळायची? साडेदहाला यायचं, अकराला तर्री पोहे, साडेअकराला कामाला हात. तोवर दिवसाची थंड वेळ संपलेली असते.

महालची_अकाउंटंट
दादा, साडेसातला खुर्चीत बसायचं तर मी उठायचं किती वाजता, तेही सांगा. आमच्याकडे नळ पहाटे येतो. डबे असतात. सासूबाईंना नाश्त्याआधी इन्सुलिन द्यावं लागतं, आणि ते दिल्यावर त्या नीट खातात की नाही हे बघितल्याशिवाय मी घराबाहेर पडू शकत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, भिंती रात्री बारापर्यंत तापलेल्या असतात, झोप लागतेच उशिरा. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते. ती तोडून आलेल्या बाईकडून तुम्ही पहिल्या तासात बिनचूक काम मागताय.

गांधीबागवाला
काऊन भाऊ, पार्ट्या, म्हणजे आपले ग्राहक, किती वाजता उठतात? इतवारीत, गांधीबागेत अकराच्या आधी शटर वर जात नाही. ईव्हीसीनं, म्हणजे ओटीपीच्या सहीनं, रिटर्न भराचं तर तो ओटीपी पार्टीच्या मोबाईलवर जाते. साडेसातला तो कोण सांगून राहिला तुम्हाले? अन् दीडला सुट्टी म्हणजे पोट्ट्यांनी भर उन्हात दुपट्टा गुंडाळून गाडी हाकाची! लू लागली तर दुसऱ्या दिवशी येईन कोण?

रामदासपेठ_करसल्लागार
पार्ट्या अकराला उठतात म्हणूनच तर सकाळ हवी. दहापर्यंत तरी फोन वाजत नाही. ११ तारखेचं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) आणि २० तारखेचं ३बी (कर भरायचं रिटर्न), दोन्हींत खरा वेळ बिलं तपासण्यात जातो. ओटीपीचं काम पाच मिनिटांचं, ते अकरानंतर करा. उन्हाचा मुद्दा मात्र बरोबर आहे. मेट्रोनं येणारे निभावून नेतील, दुचाकीवाल्यांचे हाल होतील. त्यांनी ऊन उतरेपर्यंत ऑफिसातच थांबावं.

महालची_अकाउंटंट
म्हणजे साडेसात ते साडेपाच?

रातपाळी_प्रतापनगर
लवकर उठतो तोच कामाचा, हे मला मुळातच मान्य नाही. शरीराचं घड्याळ सगळ्यांचं सारखं नसतं, आणि विशीतल्या मुलांचं तर उशिराकडेच झुकलेलं असतं. उठल्यावर काही वेळ डोकं जड राहतं, तो आळस नाही. अशा पोराला सकाळीच नोंदी करायला बसवलं तर तो डेबिटच्या जागी क्रेडिट टाकेल आणि तुमची दुपार ते शोधण्यात जाईल. पोह्यांनाही नावं ठेवू नका. कुठल्या पार्टीची बिलं अडली आहेत, हे आमच्याकडे पोहे खातानाच कळतं.

महालची_अकाउंटंट
पहिला तास शांत हवा, हे दादांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पण तो तास साडेसातचाच कशाला? मी दहाला येईन. दहा ते अकरा मला कोणी हाक मारायची नाही, "ताई, ती फाईल कुठे आहे" असंही विचारायचं नाही. कोणती फाईल घ्यायची आणि त्या वेळात फोन कोण उचलणार, हे आदल्या संध्याकाळी ठरवून ठेवा. लवकर यायचं त्यांनी खुशाल लवकर यावं, पण त्यांना कामसू आणि आम्हाला उशिरा येणाऱ्या म्हणू नका.

रामदासपेठ_करसल्लागार
ताई, दहानंतर फोन थांबतच नाहीत, तिथे शांतता टिकणं कठीण वाटतं. मी स्वतः साडेसातलाच येणार. तुमचा तास मात्र जूनच्या २० तारखेपर्यंत पाळू, फोन मी घेईन.

गांधीबागवाला
अन् दुपारी दोन ते चार कोणालेच बाहेर धाडू नका. ते पहिले लिहून ठेवा.