सभागृहाचं बिल फुगलं तर मदतनिधीला हात लावायचा का?

रुग्णांच्या मदतीसाठी माजी विद्यार्थ्यांनी सभागृहात तिकीट लावून कार्यक्रम केला, मदतपेटीही ठेवली. सभागृहाचं भाडं १२,००० ठरलं होतं, बिल १९,००० आलं, आता जमलेल्या मदतीतून ७,००० वळते करावेत का, असा प्रश्न आहे. घाई करू नका. आधी बाबवार बिल मागा.

१२,००० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,१६०. भाडं ठरवताना "कर वेगळा" हे दोन शब्द ऐकून सोडले की हमखास इथेच फटका बसतो. हा कर घासाघीस करून कमी होत नाही, पण बिलावर सभागृहवाल्यांचा १५ अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक हवाच. साध्या चिठ्ठीवर कर लावला असेल तर पक्कं बिल मिळेपर्यंत देऊ नका.

उरलेले ४,८४० बहुधा जादा वेळ आणि जनरेटरचे, त्यावरच्या करासह. जनरेटरच्या पॅनलवर तासांचं मीटर असतं. सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग मागा. बरेचदा आदल्या कार्यक्रमाचा अर्धा-पाऊण तास आपल्या माथी येतो. घासाघीस होते ती इथेच.

मदतपेटीत पडलेल्या पैशाला मात्र हात लावू नका. लोकांनी तो रुग्णांसाठी म्हणून टाकलाय. तिकिटांच्या पैशातून खर्च भागवता येतो, तोही "खर्च वजा जाता" असं आधी छापलं असेल तरच. नाहीतर माजी विद्यार्थ्यांकडे थेट "सभागृहाच्या बिलासाठी" म्हणून मागा, सांगून मागितलं की देतात. जमा, खर्च आणि बिलांचे फोटो त्याच आठवड्यात सगळ्यांना पाठवा.

पुढच्या वेळी अंदाजपत्रकात करासह रक्कम धरा आणि वर १५ टक्के राखीव ठेवा.