खान्देशातून पाचगणीला : बोर्डिंगचे अनुभव

धुळे (धागा सुरू करताना)
आमच्या गल्लीत पोरांना घालायचा धाक ठरलेला होता : "नीट वाग, नाहीतर पाचगणीला टाकून देईन." ज्यांना खरंच टाकलं त्यांनी आणि ज्यांनी टाकलं त्या आईबापांनी इथे लिहावं.

त्या शाळांचा छापील इतिहास एका साच्यातला असतो. 1860 च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाने दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधल्या डोंगरावर गोऱ्यांची वस्ती वसवली. महाबळेश्वरला पावसाळ्यात टिकाव धरणं कठीण. इथे पाऊस त्या मानाने बेताचा, त्यामुळे बारा महिने राहता यायचं. शाळा निघाल्या त्या याच जोरावर. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट 1895 चं, सेंट पीटर्स 1904 ची, तीही मुळात युरोपियन मुलांसाठी. आपल्या लोकांनी काढलेली संजीवन 1922 ची. एवढं सगळीकडे मिळतं. कापूस आणि केळी विकून सव्वाचारशे किलोमीटरवरून ज्यांनी पोरं धाडली, त्यांचं मात्र कुणी लिहीत नाही.

भुसावळ
1983, पाचवी. मनमाडला गाडी बदलायची, दौंडमार्गे पुणं, स्वारगेटवरून एसटी. खंबाटकी घाटात झोप आणि पसरणी घाटात ओकारी, हे ठरलेलं.

जाण्याआधी शाळेची छापील यादी आली : दोन ब्लँकेटं, गरम बनियन, लोकरी मोजे. मे महिना, पारा शेहेचाळीसवर, आणि आम्ही बापलेक भर बाजारात स्वेटर मागत फिरतोय. एका दुकानदाराने वडलांना आधी पाणी प्यायला दिलं, मग विचारलं, "डॉक्टरसाहेब, तब्येत बरी आहे ना?"

प्रत्येक कपड्यावर धोबी नंबर हवा. आईने लाल दोऱ्याने तो मोज्यांवर, रुमालांवर, अगदी टॉवेलच्या कोपऱ्यावरही काढला. मोज्यावर उलट्या बाजूने काढला, कारण आकड्याची गाठ पायाला टोचेल. पहिल्याच धुलाईत तो लाल रंग सुटला आणि पांढरे शर्ट गुलाबी झाले. वर्षभर "पिंकी" म्हणून हाका ऐकल्या.

जळगाव
माझी मुलींची शाळा, नाव लिहीत नाही. आवारात मराठी बोललं की दंड. आम्ही दोघीच खान्देशी, दुसरी अमळनेरची. घरी बोलायची लाज वाटायची ती अहिराणी आम्ही तिथे जाऊन बोलायला लागलो. "मॅडम उनी वं!" (मॅडम आली गं!) म्हटलं की काम भागायचं. एकदा सापडलो, तर अमळनेरच्या बयेने इंग्रजीतून ठासून सांगितलं की ही मराठी नाहीच, नियमात बसत नाही. मेट्रन पुण्याच्या. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, त्यामुळे मान्य करावं लागलं!

ट्रंकेत आई बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ द्यायची. पिठाचं तिथे काय करणार होते देव जाणे. बिबडे मात्र इस्त्रीखाली भाजून खाल्ले आहेत.

चाळीसगाव
सेंट पीटर्स म्हटलं की आता सगळे इंग्रजी रॉक गायक फ्रेडी मर्क्युरीचं नाव घेतात. झांझिबारचा हा पारशी मुलगा पन्नाशीच्या दशकात तिथे शिकला आणि 1958 मध्ये पोरांचा बँड काढला, हे खरं. पण आमच्या काकांच्या वेळी तिथे त्याचं कौतुक कुणालाच नव्हतं. काकांना आठवतो तो फक्त रोजचा उकडलेला कोबी.

यावल तालुका
आम्ही पाठवणाऱ्यांपैकी. केळीला भाव बरा लागला, त्या वर्षी पोराला घातलं. पुढच्या जूनमध्ये वादळ आलं, बाग झोपली. निसवलेले घड मातीत, आणि त्याच आठवड्यात फीच्या हप्त्याचं पत्र. सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतंच, वर मंडळीच्या पाटल्या गेल्या. पोरगं शिकलं, पुण्यात चांगल्या नोकरीला आहे, तक्रार नाही. फक्त बागेत आलं की पाहुण्यासारखं बांधावर उभं राहतं.

धडगाव
थंड हवेचं ठिकाण आमच्या सातपुड्यातही आहे बरं का. तोरणमाळ, साडेअकराशे मीटरच्या आसपास. पण आमचं बोर्डिंग म्हणजे आश्रमशाळा. कपड्यांची यादी वगैरे काही नाही. पत्र्याची पेटी, रात्री तीच उशी. गुरुजी खालून सपाटीवरून आलेले, आम्ही घरी पावरी ही आमची आदिवासी बोली बोलणारे. पहिली दोन वर्षं त्यांचं आम्हाला आणि आमचं त्यांना कळायचं नाही. गोधड्या कमी म्हणून थंडीत एका गोधडीत तिघे.

होळीआधीचा भोंगऱ्या बाजार लागला की शाळा रिकामी. होळीला कोण थांबणार? डोंगर उतरून रात्रीतून घर गाठायचं. गुरुजी नंतर पाड्यापाड्यावर पोरं गोळा करत फिरायचे. इथे वर लिहिणाऱ्या सगळ्यांना घर दूर म्हणून रडू यायचं. आम्हाला समोरच्या डोंगरावर घराचा धूर दिसायचा, ते जास्त वाईट.

धुळे
धडगावकर, तुम्ही अजून लिहा. पाचगणीचं लिहायला शंभर जण येतील, आश्रमशाळेचं कुणी येत नाही.

पारोळा
मुलगी चौथीत आहे. यंदा पाठवावं का? घरात दोन तट पडलेत.

भुसावळ
ताई, माझं मत विचाराल तर आठवीनंतर. त्याआधी पोर घर विसरायला शिकतं, अभ्यास नंतर. जळगावकर ताई कदाचित उलट सांगतील.

जळगाव
सांगतेच. मला पाचवीतच जमलं, आठवीत आलेल्या मुली जास्त रडायच्या. मुलीलाच आधी एकदा शाळा दाखवा, तेही जुलैत, धुक्यात. एप्रिलमध्ये नेलीत तर कोणीही हो म्हणेल. आणि पाठवलीत तर डब्यात तिखट शेव द्या. लाडू सगळ्यांच्याच घरून येतात.