गवताच्या छपराला पन्हळ लावता येते का?

गोव्यात काणकोणला कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) छोटी खोली बांधलीय, चिऱ्याच्या भिंती नि वर गवताचं छप्पर. पागोळ्यांनी पायाजवळची माती पार उकरलीय आणि तांबडा चिखल खिडकीपर्यंत उडतो, पन्हळ लावायची म्हणतोय पण गवतात खिळा धरणार कुठे?

— गवतात नाहीच धरत. वाशांना लोखंडी पट्ट्या बोल्टने घ्या, सहा इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून त्यात बसवा, १० फुटांना १ इंच उतार. गवताचं टोक पन्हळीच्या मधोमध यायला हवं, आमचं थोडं पुढे आलं आणि पहिल्याच पावसात सगळं पाणी पन्हळीवरून बाहेर गेलं.

— मी म्हणेन पन्हळ नकोच. गवत गळत राहतं, त्याचा बोळा बसतो, आणि गोव्यात वर्षाला साधारण १२० इंच पाऊस, बहुतेक सगळा चार महिन्यांत, रोज शिडीवर कोण चढणार? वळचण दोन फूट पुढे काढा, पागोळ्या पडतात तिथे फूटभर चर खणून खडी भरा, उतार माडांच्या आळ्यांकडे द्या.

— बरोबर, फक्त दारावर तेवढी पन्हळ ठेवा, आत शिरताना डोक्यावर धार नको.

— धन्यवाद, मे संपायच्या आत चर खणून घेतो.